मदत हवी आहे: अक्षर मोठं केलं की बातमीचा मथळा कापला जातो आणि अर्थच उलटा होतो

नमस्कार मंडळी, इथे अँड्रॉइड किंवा यूआय डिझाइनमधलं कोणी असेल तर प्लीज वाचा, थोडं लांबलंय.

तालुक्याच्या एका साप्ताहिकासाठी बातम्यांचं अ‍ॅप करतोय. वाचक बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढचे, शेतकरी, रिटायर्ड शिक्षक, दुपारचं काम आवरून मोबाइल हातात घेणाऱ्या बायका. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये मुलांनी नाहीतर नातवंडांनी सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करून दिलेलं असतं. आणि अँड्रॉइड १४ पासून तर ते २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतं, त्याआधी पिक्सेल फोनवर १३० टक्क्यांच्या पुढे जात नव्हतं.

आमच्या यादीत प्रत्येक बातमीचं एक कार्ड, डावीकडे चौकोनी फोटो, उजवीकडे मथळा, मथळ्याला दोन ओळींची मर्यादा, पुढे तीन टिंबं. नेहमीच्या अक्षरात ठीक दिसतं. मोठ्या अक्षरात एका ओळीत दोन-तीन शब्द बसतात आणि मथळा मधेच तुटतो. इंग्रजीत नकार बहुतेक वेळा आधीच येऊन गेलेला असतो, आपल्याकडे क्रियापदही शेवटी आणि 'नाही'ही शेवटी. 'कांद्याचे लिलाव सोमवारी होणार नाहीत' ही बातमी यादीत 'कांद्याचे लिलाव सोमवारी होणार…' अशी दिसते! एखादा माणूस टेम्पो ठरवून, माल भरून मार्केट यार्डात जाऊन उभा राहील हो. पाण्याच्या, एसटीच्या, शाळेच्या सुट्टीच्या बातम्यांचं पण तेच. म्हणून मला हे नुसतं दिसण्याचं वाटत नाही, आपण चुकीची बातमी देतोय असं वाटतं.

टीममध्ये एक मत असं आहे की अक्षराचा आकार एसपीऐवजी (फोनच्या अक्षर-सेटिंगप्रमाणे बदलणारं माप) डीपीमध्ये (त्या सेटिंगने न बदलणारं माप) द्या, म्हणजे फोनचं सेटिंग लागूच होणार नाही आणि डिझाइन जसंच्या तसं राहील. मला हे अजिबात पटत नाही, ज्याने अक्षर मोठं केलंय त्याने दिसत नाही म्हणूनच केलंय ना. डब्ल्यूसीएजीच्या (सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या वेबच्या) नियमांतही मजकूर २०० टक्के मोठा केला तरी त्यातलं काही हरवू नये असंच आहे.

माझ्या डोक्यात असं आहे की फॉन्ट स्केल (अक्षर नेहमीच्या किती पट आहे ते) १.३ च्या वर गेला की कार्ड उभं करायचं, फोटो वर, मथळा खाली पूर्ण रुंदीत, आणि ओळींची मर्यादा काढून टाकायची. पण मग स्क्रीनवर जेमतेम एक बातमी मावते आणि स्क्रोल करून करून अंगठा दुखतो. फोटो काढून टाकले तर प्रश्न मिटतो, पण संपादक तयार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे, गावातले सत्कार आणि शाळेचे कार्यक्रम यांचे फोटो बघायला लोक खरंच येतात. मग काय करावं? कोणी असं लेआउट केलंय का?

अजून दोन गोष्टी. जागा वाचवायला कोणीतरी इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग (अक्षरांच्या वर-खाली सोडलेली जास्तीची जागा) बंद केलं होतं, त्यामुळे पहिल्या ओळीतले रफार आणि मात्रा वरून छाटल्या जायच्या. ते परत चालू केलं, आता नीट आहे. पण ज्यांचा फोन इंग्रजीत आहे त्यांना ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. टेक्स्ट लोकेल (मजकुराची भाषा सांगणारं सेटिंग) मराठी दिला तर नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये आपलं वळण येतं, आमच्या मथळ्याच्या फॉन्टमध्ये येत नाही. मराठी वळण असलेला, जाड वजनातही सुटसुटीत वाचता येणारा फ्री फॉन्ट कोणी वापरलाय का? साप्ताहिक छापील निघतं त्यात आपलाच ल असतो, अ‍ॅपमध्येही तोच हवा.

दुसरं नोटिफिकेशन. बिगटेक्स्ट स्टाइल लावलीय, खाली ओढलं की पूर्ण मजकूर दिसतो, पण ओढायचं असतं हेच कितीतरी जणांना माहीत नाही. बंद अवस्थेत एकच ओळ आणि परत 'नाही' गायब.

प्रतिसाद: फोटोसाठी सगळ्या कार्डांना एकच नियम कशाला? मोठ्या अक्षरात पहिल्या बातमीला मोठा फोटो, बाकीच्या फक्त मथळा, आणि फोटोंच्या बातम्यांचा वेगळा टॅब. नोटिफिकेशनला मात्र कोड लिहून उपयोग नाही, सीएमएसमध्ये (बातम्या भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याच्यासाठी वेगळा रकाना द्या आणि उपसंपादकाला मुख्य शब्द आधी लिहायला सांगा. 'लिलाव बंद: सोमवारी कांदा आणू नका'. यातलं शेवटचं कापलं गेलं तरी चालतं.

धागाकर्ता: खूप खूप आभार, वेगळ्या रकान्याचं सुचलंच नव्हतं! संपादकांशी बोललो, ते म्हणाले यादीतला मथळाही असाच लिहू, पण छापील अंकाचा मथळा बदलणार नाही, म्हणजे मथळे दोन ठेवावे लागतील, ते करतो. फोटोंचा टॅबही आवडला त्यांना. ओळींची मर्यादा मी आजच काढतोय, कार्ड लांब झालं तर होऊ दे. आता फॉन्टचं तेवढं कोणीतरी सांगा, आणि कोणाकडे २०० टक्के अक्षर लावलेला साधा, लहान स्क्रीनचा फोन असेल तर टेस्ट बिल्ड (चाचणीची आवृत्ती) पाठवतो, व्यनि (खाजगी निरोप) करा.