फँटमचा मुखवटा: सहानुभूती की भीतीचं भांडवल?

रेणुका: गेल्या वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, मुंबईत ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हे संगीत नाटक पाहिलं. संगीतानं भारावले, पण एक गोष्ट अजून टोचतेय. पहिल्या अंकात गायिका ख्रिस्तीन, ऑपेरागृहाखाली लपून राहणाऱ्या फँटमचा मुखवटा ओढते, तेव्हा तो चेहरा आपल्याला नीट दिसू देत नाहीत. दुसऱ्या अंकात भर रंगमंचावर तो उघडा पडतो आणि हाहाकार उडतो. इतका वेळ उत्सुकता ताणली ती कशाची? एका माणसाच्या जन्मजात विद्रूप गालाची. माझ्या गालावर भाजल्याचा व्रण आहे. शाळेत असताना उन्हाळ्यातही स्कार्फ काढला नाही मी.

सतीश: तुमचं दुखणं समजतं, पण नाटकावर हा आरोप पटत नाही. मूळ फ्रेंच कादंबरीत त्याचा अख्खा चेहरा झाकलेला आहे. १९८६ च्या लंडनच्या प्रयोगात नेपथ्य-वेशभूषाकार मारिया ब्योर्नसन यांनी मुखवटा अर्धा केला. पूर्ण मुखवट्याआडून गाणार कसं, भाव दाखवणार कसे? त्या उघड्या अर्ध्या चेहऱ्यामुळेच आपण त्याचे होतो. शिवाय ख्रिस्तीन त्याला तोंडावर सांगते, की खरी विकृती चेहऱ्यात नाही, आत्म्यात आहे.

रेणुका: तो आत्मा बिघडला कशानं? आईनं अंगावर घातलेली पहिली वस्तू मुखवटा होती, हे तोच सांगतो. एवढं माहीत असूनही खून त्याच्याच हातून करवले. चेहऱ्यावर व्रण किंवा वेगळेपण असलेल्यांसाठी काम करणारी ब्रिटनमधली ‘चेंजिंग फेसेस’ संस्था हेच सांगतेय, की व्रण दिसला की खलनायक ही सवय मोडा. २०१८ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं अशा खलनायकांच्या चित्रपटांना पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं.

माधुरी: तो नियम इथे लावला तर शेवटचं चुंबनही जाईल हो! ख्रिस्तीन त्याच उघड्या चेहऱ्याचं चुंबन घेते, आणि तो पकडून ठेवलेल्या तिच्या प्रियकराला, राऊलला, सोडून देतो. माझ्या भावाला कोड आहे. त्या क्षणी त्यानं माझा हात घट्ट धरला होता. मुखवटा नसता तर ते चुंबन इतकं मोठं झालं असतं का?

रेणुका: त्या क्षणी मीही रडले, माधुरीताई. पण पुढे काय होतं? ख्रिस्तीन राऊलबरोबर निघून जाते, जमाव येतो, ख्रिस्तीनची मैत्रीण मेग फँटमच्या खुर्चीवरचं वस्त्र ओढते आणि खाली फक्त मुखवटा सापडतो. चुंबन मिळालेल्या त्या चेहऱ्याला दिवसाउजेडी जगायला लेखकांनी कुठे जागा ठेवली?