कोर्टाने मानसिक तपासणी सांगितली, तर मुलाला आधी काय सांगायचं?

मीनल: माझ्या भाचीच्या ताब्यावरून तिच्या आईवडिलांची केस चालू होती. कोर्टाने तिची मानसशास्त्रीय तपासणी करायला सांगितलं. ती तेव्हा पंधराची. तपासणाऱ्या बाई खूप मायेने बोलल्या, 'अगदी मोकळेपणाने सांग' म्हणाल्या. पोरीने सांगितलं, की गणिताचा पेपर तिने मुद्दाम कोरा ठेवला होता, कारण नापास झालं की आईबाबा दोघांना शाळेत एकत्र बोलावतील. हे तिने आईलाही कधी सांगितलं नव्हतं. महिन्याभराने अहवाल दोन्ही वकिलांच्या हातात. पुढच्या भेटीत बाबांचं पहिलं वाक्य, 'म्हणजे तू ठरवून नापास झालीस?' त्यानंतर दोन वर्षं ती कुठल्याही समुपदेशकासमोर तोंड उघडत नाही.

तपासणी नकोच, असं मी म्हणत नाही. पण हे कोण वाचणार आहे ते पहिल्या प्रश्नाआधी, तिला कळेल अशा भाषेत सांगायला हवं होतं. आणि एखाद्या प्रश्नाला 'नाही सांगायचं' म्हणायची मुभाही हवी होती.

राजन: मीनलताई, वाचून वाईट वाटलं. तरी मुभेचा मुद्दा पटत नाही. मी स्वतः ताब्याच्या केसमधून गेलोय. नकाराचा हक्क कागदावर मुलाचा असतो, वापरतो तो ज्याच्या घरी मूल राहतं तो पालक. आदल्या रात्री पढवून पाठवलं की झालं. माझा मुलगा पहिल्या भेटीत फक्त 'माहीत नाही' म्हणत होता. तिसऱ्या भेटीत बोलला, म्हणून मला तो आज भेटतो. तेव्हा 'नको असेल तर राहू दे' म्हटलं असतं, तर मी त्याला कायमचा मुकलो असतो.

शुभदा: मी याच क्षेत्रात काम करते. राजनदादा, पढवलेलं मूल ओळखू येतं. ज्याला अंधारात ठेवलंय, त्याचं नुकसान मात्र नंतर भरून निघत नाही. मुळात तपासणारा हा मुलाचा थेरपिस्ट नसतो. तो कोर्टासाठी काम करतो, त्यामुळे नेहमीची गुप्तता इथे नसते. खोली तीच, खुर्ची तीच, आवाजही तसाच मऊ, मग मुलाला फरक कळणार कसा? किशोरांसाठीच्या एमएमपीआय-ए या मानसशास्त्रीय चाचणीत 478 विधानं असतात, प्रत्येकाला खरं की खोटं ते सांगायचं. ही कशासाठी, हे न सांगता ती समोर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं कलम 12 मुलाला आपलं मत मांडायचा हक्क देतं. या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने 2009 मध्ये स्पष्ट केलं, की मत मांडणं ही मुलाची निवड आहे, सक्ती नाही.

अविनाश: ताब्याचं एक वेळ सोडा, गुन्ह्याच्या केसमध्ये हे जास्त गंभीर आहे. मूल डॉक्टरांना घटनेबद्दल सांगतं, तेच उद्या त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं तर? त्याच कराराच्या कलम 40 मध्ये कबुलीची सक्ती नको असं म्हटलंय. अमेरिकेत 1967 साली गॉल्ट खटल्यात पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने वकील मिळण्याचा आणि गप्प राहण्याचा हक्क मान्य केला. एका अश्लील फोनपायी त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात ठेवायचा हुकूम झाला होता. प्रौढाला त्याच गुन्ह्यात जास्तीत जास्त दोन महिने झाले असते. तपासणीआधी वकिलाशी बोलणं हवंच.

राजन: गुन्ह्याचं मान्य. ताब्याच्या केसमध्ये मात्र मूल आरोपी नसतं, तिथे वकिली भिंती उभ्या केल्या तर खरं कधीच बाहेर येणार नाही. कोण वाचणार ते आधी सांगावं, इथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. नकाराला माझा विरोध कायम.

मीनल: काल भाचीला हा धागा वाचून दाखवला. म्हटलं, बाबा वाचणार हे आधी कळलं असतं, तर पेपरचं सांगितलं असतंस का? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'सांगितलं असतं गं मावशी. पण आधी आईला.'