अनुभव धागा: कॉलेज ऑनलाइन गेलं तेव्हा तुमच्या घरी फोन कोणाचा होता?

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि तास मोबाइलवर सुरू झाले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भारतात १०० पैकी चार-पाच घरांतच संगणक होता. इंटरनेट साधारण १५ घरांत. हजेरीचा नियम मात्र सगळ्यांना एकच. मी तेव्हा शिकवत होते. ६० पैकी वीस-बावीस जण यायचे आणि बाकीच्यांना मी आळशी समजत राहिले. त्याचं आजही वाईट वाटतं. जे पडद्यावर दिसले नाहीत, त्यांनी लिहावं.

मंडणगड, बी.एस्सी.
मॅडम, ३ जूनला निसर्ग वादळ आलं, खांब आडवे झाले. आमच्या वाडीत महिनाभर वीज नव्हती. बाजारात जनरेटरवर फोन चार्ज करायचे पैसे पडायचे. तो चार्ज आम्ही मुंबईच्या नातेवाइकांना खुशाली कळवायला राखून ठेवायचो. तास कुठला!

धडगाव, बी.ए. अंतिम वर्ष
भाऊ लॉकडाऊनमुळे गुजरातेतून मजुरीवरून परतला, म्हणून घरात फोन तरी आला. पाड्यावर रेंज नाही. टेकडीवर एका मोहाखाली दोन काड्या यायच्या, तिथे आम्ही सहा जण बसायचो. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, अंतिम वर्षाची परीक्षा होणारच हे ठरलं. ऑक्टोबरात ऑनलाइन पेपर होता. १९ प्रश्न सोडवले आणि पुढे नुसतं चक्र फिरत राहिलं. वेळ संपली. हेल्पलाइन लागेना. फेरपरीक्षेसाठी स्क्रीनशॉट मागितला, तो पाठवायला पुन्हा टेकडी चढलो.

मुंबई, बी.कॉम.
शहरात होते, पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण. रोजचा दीड जीबी डेटा, शिकणारे तिघं. भावाची दहावी म्हणून पहिला मान त्याचा. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती होती. तास संपेपर्यंत आई मोरीपाशी उभी राहायची, मागून जाणं नको म्हणून.

पुणे, अभियांत्रिकी
माझ्याकडे लॅपटॉप, वायफाय, स्वतंत्र खोली होती. गटातली मैत्रीण वहीत लिहून फोटो पाठवायची, मी टाइप करायचे. तिच्या कामाला 'सहभाग कमी' असा शेरा मिळाला. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

सोलापूर, एम.ए. राज्यशास्त्र
मला दिसत नाही. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा फोन होता, रेंजही होती. पण नोट्स म्हणजे हस्तलिखित पानांचे फोटो, आणि फोटोतला मजकूर माझ्या फोनला वाचता येत नव्हता. सहावीतला धाकटा भाऊ रात्री वाचून दाखवायचा. 'सार्वभौमत्व' अडलं की एकेक अक्षर सांगायचा.