फोल्डिंग ॲट होम: दहा जणांची टीम, गुण मात्र तुटपुंजे

गोदाकाठ:
सोसायटीतल्या दहा जणांनी मिळून फोल्डिंग ॲट होमवर (घरच्या संगणकांकडून प्रथिनांच्या संशोधनाची आकडेमोड करून घेणारा प्रकल्प) टीम काढली आहे. सात लॅपटॉप (८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही) आणि तीन डेस्कटॉप, त्यातल्या एकात आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. सगळीकडे विंडोज आणि क्लायंटची (हे काम चालवणाऱ्या प्रोग्रामची) आठवी आवृत्ती. दोघांचं काम टीमच्या नावावर दिसतच नाही, ३०६० नुसतं बसून आहे, आणि लॅपटॉपवाल्यांना गुण अगदीच कमी मिळतात. शिवाय वीजबिलात किती फरक पडेल?

रातवा:
त्या दोघांच्या सेटिंगमध्ये टीम क्रमांक पाहा. तो ० राहिला असेल तर काम सर्वसाधारण खात्यात जमा होतं, आणि जमा झालेलं नंतर तुमच्या टीमकडे वळवता येत नाही.

प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि स्वतःची पासकी (ओळख पटवणारा खासगी संकेत) वापरावी. पासकी ३२ अक्षरांची असते, ईमेलवर येते, कॉपी करताना शेवटचं एखादं अक्षर सुटतं तेवढं सांभाळा. तिच्याशिवाय लवकर काम परत केल्याचा बोनस मिळत नाही. पासकी टाकल्यावरही आधी १० वर्क युनिट (कामाचे तुकडे) पूर्ण करावी लागतात आणि निदान ८०% यशस्वी परत जावी लागतात. म्हणून सुरुवातीचे आकडे पाहून कुणी नाउमेद होऊ नये. अर्धवट युनिट डिलीट करणं मात्र सगळ्यांनी टाळा, ८०% ची अट तिथेच मोडते.

३०६० साठी सेटिंगमध्ये जीपीयूसमोर (ग्राफिक्स कार्डासमोर) खूण करावी लागते. यादीत कार्डच दिसत नसेल तर ड्रायव्हर एनव्हीडियाच्या साइटवरून घेऊन टाका. विंडोज अपडेटने बसवलेल्या ड्रायव्हरमध्ये बरेचदा ओपनसीएल (कार्डाकडून आकडेमोड करून घेणारा भाग) नसतं. मग मशीन रीस्टार्ट करा. सीपीयूचा (मुख्य प्रोसेसरचा) एक थ्रेड (कामाची एक रांग) कार्डासाठी मोकळा ठेवा, नाहीतर कार्ड अडून राहतं.

तारजोडणी:
लॅपटॉपचं दुखणं वेगळं आहे. फोल्डिंग ॲट होममध्ये एका प्रथिनाच्या हालचालीची साखळी असते. लॉगमध्ये (क्लायंटच्या नोंदींत) रन, क्लोन, जेन असे आकडे दिसतात, त्यातला जेन म्हणजे साखळीतली कितवी कडी. तुमचं युनिट परत गेल्याशिवाय पुढची कडी तयारच होत नाही. तेव्हा रोज दोन तास चालणारा लॅपटॉप युनिट चार दिवस अडवून बसला, तर तेवढे दिवस संशोधनही तिथेच अडतं. टाइमआउट (ठरलेली मुदत) उलटला की तेच युनिट दुसऱ्याला दिलं जातं.

बोनसही म्हणूनच लागलेल्या वेळेवर अवलंबून आहे. तो वर्गमुळाच्या हिशोबाने चालतो: २४ तासांऐवजी ६ तासांत परत केलं तर गुणक दुप्पट. घड्याळ डाउनलोडपासून अपलोडपर्यंत चालतं, मशीन बंद असतानाचे तासही धरून.

म्हणून रोज थोडाच वेळ चालणारे लॅपटॉप सरळ बॉइंकवर (अशीच कामं चालवणारा दुसरा प्रोग्राम), त्यातल्या वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड या प्रकल्पाला लावावेत असं माझं ठाम मत आहे. कर्करोगाच्या खुणा शोधण्याची तिथली कामं एकमेकांवर अवलंबून नसतात आणि मुदतही काही दिवसांची असते. टीम मात्र तिथे वेगळी काढावी लागेल, गुणही वेगळे. बॉइंकमध्ये 'सीपीयूच्या किती टक्के' ५० ठेवा आणि 'सीपीयू वेळ' १०० च राहू द्या. वेळ कमी केला की प्रोसेसर सतत चालू-बंद होतो, पंखाही तसाच घरघरतो.

वीज: ३०६० चा डेस्कटॉप भिंतीपाशी साधारण २५० वॅट धरा, म्हणजे दिवसरात्र चालवल्यास रोज ६ युनिट, महिन्याला १८०. महावितरणचे टप्पे १०० आणि ३०० युनिटला बदलतात. आधीचा वापर १५० असेल तर वरचे ३० युनिट महागड्या टप्प्यात जातील. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग बदलणारा प्रोग्राम) पॉवर लिमिट (कार्डाने वीज ओढण्याची मर्यादा) ७०% करा, वेग त्यामानाने बराच कमी घटतो.

गोदाकाठ:
टीम क्रमांक आत्ताच बदलावा, की चालू युनिट संपू द्यावं?

रातवा:
संपू द्या. पॉज नको, 'फिनिश' दाबा: हातातलं युनिट पूर्ण होऊन अपलोड होतं आणि नवीन घेतलं जात नाही. अपलोड झाल्याचं लॉगमध्ये दिसलं की क्रमांक बदलून पुन्हा सुरू करा. रात्री मशीन बंद करायचं असेल तेव्हाही हेच बटण, युनिट संपेल इतक्या आधी दाबून.