मदत हवी: कदंबांचे ताम्रपट आणि १५२६चं फोराल, कारभाराची सुरुवात शोधायला कुठून धरू?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या तिसवाडीचा, घराणं गावकारांचं (गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांपैकी), कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची, जोण (वार्षिक वाटा) अजून येते घरात (रक्कम किरकोळ, पण येते). सध्या एमएच्या प्रबंधासाठी विषय घेतलाय की राज्यकारभार मुळात उभा कुठून राहतो, राजाकडून की गावाकडून, आणि ते जुन्या सनदांतून शोधायचंय.

एकीकडे कदंबांचे, म्हणजे पोर्तुगीजांच्या आधी गोव्यावर राज्य केलेल्या राजघराण्याचे, ताम्रपट. साचा तुम्हाला माहीत असेलच, आधी वंशावळ, मग बिरुदं, मग कोणाला काय दिलं, आणि शेवटी दान मोडणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल असा शाप! पण गावातली माणसं त्यात जवळपास दिसतच नाहीत, सगळं राजाच्या तोंडून.

दुसरीकडे पोर्तुगीज महसूल अधिकारी आफोन्सो मेशियाचं १५२६चं फोराल, म्हणजे गावांचे रिवाज नि हक्क लिहून काढलेली सनद. त्याच्या सुरुवातीलाच आहे की जुन्या काळी चार जण एका ओसाड बेटावर आले, जमीन लागवडीला आणली, वस्ती वाढली, त्यांनी कारभार नीट चालवला म्हणून ते गावकार झाले, आणि पुढे वरून सत्ताधीश आले तेव्हा त्यांना कर देऊन आपले रिवाज टिकवले. म्हणजे इथे कारभार आधी नि राजा नंतर. मला हे फार पटतं, पण लिहून घेणारा महसुलाचा माणूस, त्याला कर वेळेवर हवा होता, मग ही कथा कितपत जुनी धरायची?

त्यातच मानपानाची कलमं आहेत, विडा आधी कोणाला, नाचणाऱ्या गावात आल्या की पहिला नाच कोणाच्या दारी. गाईड म्हणतात ही सामाजिक चालरीत, प्रबंधात नको. मला उलट वाटतं, जमीन कोण वाटणार आणि विडा आधी कोण घेणार हे एकाच बैठकीत ठरत असेल तर ते वेगळं कसं काढायचं?

तर जाणकारांनी सांगा, ताम्रपटांत गावच्या सभेचा किंवा गावप्रमुखांचा उल्लेख नेमका कुठल्या भागात शोधायचा, दानाच्या तपशिलात की साक्षीदारांत? आणि फोरालचा कुन्य रिव्हारांनी (एकोणिसाव्या शतकातले पोर्तुगीज अभ्यासक) छापलेला पोर्तुगीज पाठ कोणी मुळातून वाचलाय का, माझं पोर्तुगीज कामचलाऊच आहे, दोनचार कलमं सोबत बसून लावून देणारं कोणी पणजी-म्हापसा भागात असेल तर मी येईन, रविवार कुठलाही चालेल.