रूट कॅनल झालेल्या दाताच्या मुळाशी पुन्हा पू : दात काढावा की शस्त्रक्रिया करावी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
माझ्या आईच्या (वय ५८) वरच्या पटाशीच्या दाताचे रूट कॅनल सात वर्षांपूर्वी झाले असून त्यावर धातूचा पोस्ट (कॅपला आधार देण्यासाठी मुळात बसवलेली काडी) बसवून कॅप घातलेली आहे. दोन महिन्यांपासून त्या दाताच्या वर हिरडीवर बारीक पुळी येते, फुटून पू जातो आणि काही दिवसांनी ती पुन्हा भरते. एका डॉक्टरांनी दात काढून इम्प्लांट बसवण्यास सांगितले, तर दुसऱ्यांनी मुळाचे टोक कापण्याची शस्त्रक्रिया सुचवली. आईला मधुमेह आहे, पण स्वतःचा दात जाऊ नये अशी तिची फार इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (दंतवैद्य, शाहूपुरी)
केवळ अँटिबायोटिक गोळ्यांनी हे बरे होणार नाही, कारण संसर्ग मुळाच्या नळीत असतो आणि तेथे रक्तपुरवठाच उरलेला नसल्याने औषध पोहोचत नाही. एरवी आधी रूट कॅनल पुन्हा करून पाहतात. परंतु पोस्ट उपसताना मूळ तडकण्याची भीती असेल, तर हिरडीच्या बाजूने जाणे योग्य ठरते. जागा बधिर करून हिरडी उचलतात, हाडातील लहान खिडकीतून संसर्गाची गाठ खरवडून काढतात आणि मुळाचे सुमारे ३ मिलिमीटर टोक कापतात, कारण नळीचे बहुतेक बारीक फाटे तेवढ्याच भागात असतात. उरलेल्या मुळात अल्ट्रासॉनिक उपकरणाने साधारण तितकाच खोल खड्डा करून तो एमटीएसारख्या सिमेंटने बंद करतात. काढलेली गाठ तपासणीस पाठवण्याचा आग्रह अवश्य धरावा.

मूळ उभे चिरले असेल, तर मात्र ही शस्त्रक्रिया व्यर्थ जाते. सीबीसीटी (दात व जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) काढावाच, परंतु धातूच्या पोस्टमुळे त्यातही चीर कधीकधी लपते. हिरडी उचलल्यावर मुळाला निळा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ती दिसते. तशी चीर निघाल्यास त्याच वेळी दात काढायचा का, हे आईंशी बोलून आधीच ठरवून ठेवावे.

उत्तर २ (कागल)
माझ्या वरच्या दाताची हीच शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी डोळ्याखालपर्यंत सूज आली होती, ती चार दिवसांत उतरली. टाके पाहण्यासाठी ओठ वारंवार वर उचलू नका. मी तसे केले आणि एक टाका सुटला. एक्स-रेमधील काळा डाग (संसर्गाने हाड झिजलेली जागा) भरून यायला वर्ष लागले.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचा आभारी आहे. सीबीसीटीत चीर दिसलेली नाही. आईची साखर सध्या जास्त असल्याने ती आटोक्यात आल्यावरच शस्त्रक्रिया करायचे ठरले आहे, आणि चीर निघाल्यास दात तेव्हाच काढावा, असे तिने स्वतः डॉक्टरांना सांगितले आहे.