रोमन शिल्पं एवढी जिवंत, मग मध्ययुगातली माणसं अशी ताठ का?

निळी_शाई
सध्या युरोपच्या कलेबद्दल वाचतेय आणि एका जागी अडकलेय. इसवी सन १०० ते २०० च्या आसपासचे रोमन पुतळे बघा, कपाळावरच्या आठ्या, सैल पडलेली हनुवटी, दाढीतला एकेक वळसा, सगळं दगडात उतरवलंय, माणूस आत्ता बोलेल असं वाटतं. आणि मग ११०० नंतरची फ्रान्समधल्या चर्चच्या दारांवरची शिल्पं बघा. माणसं लांबच लांब, हात अंगाच्या मानाने मोठे, कपड्यांच्या चुण्या म्हणजे नुसत्या रेघा. बऱ्याच ठिकाणी एका ओळीत उत्तर असतं की रानटी टोळ्या आल्या, रोम पडलं, लोक कला विसरले. मला हे काही पटत नाही. एवढाली चर्च उभारणाऱ्यांना एक धड चेहरा कोरता येत नव्हता? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, प्लीज.

कमानवेडा
चांगला प्रश्न. सगळ्यात आधी तारखा बघ. पश्चिमेतला शेवटचा सम्राट ४७६ मध्ये गेला आणि तू म्हणतेस तो ताठपणा त्याच्या दीडशे वर्षं आधीच खुद्द रोममध्ये आलेला होता. कोलोसियमच्या शेजारी कॉन्स्टंटाइनची कमान आहे, ३१५ ची. तिच्यावरची बरीच शिल्पं जुन्या इमारतींवरून काढून आणलीत, ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस या आधीच्या सम्राटांच्या काळातली, आणि काही कॉन्स्टंटाइनच्या वेळची नवी. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच भिंतीवर वरखाली दिसतात. वरच्या गोलांमध्ये हेड्रियनची शिकार, घोडे उसळतायत, अंगरखे वाऱ्यावर उडतायत. त्याच्या बरोबर खाली नवी पट्टी, तिच्यात सम्राट लोकांना पैसे वाटतोय. तो मधोमध, समोर तोंड करून बसलेला, बाकीच्यांपेक्षा मोठा. दोन्ही बाजूंना बुटकी माणसं ओळीने उभी, डोकी मोठी, पाय आखूड, सगळ्यांचे हात वर. कपड्यांच्या घड्या ड्रिलने सरळ खणलेल्या. पण लांबून बघितलं तर कोण देतोय आणि कोण घेतोय हे एका नजरेत कळतं, आणि तेच कळायला हवं होतं!

दुसरं उदाहरण व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चच्या कोपऱ्यावरचं, साधारण ३०० चं. तेव्हा साम्राज्य चौघं मिळून चालवायचे, त्या चार सम्राटांचं शिल्प. दोघं दोघं एकमेकांना मिठी मारून उभे, आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दाढी आहे एवढं सोडलं तर ओळखू येणार नाहीत इतके सारखे. दगड कुठला, तर इजिप्तचा जांभळा पॉर्फिरी, जो संगमरवरापेक्षा कितीतरी कठीण. तो असा कोरणाऱ्याला हात नव्हता म्हणणं अवघड आहे. चौघांचं राज्य एक आहे हे दाखवायचं होतं, म्हणून चेहरे एक.

जुनी_वीट
कमानवेडा, तारखांबद्दल सहमत, पण तू दुसऱ्या टोकाला चाललायस. सगळं ठरवून केलं आणि काहीच हरवलं नाही असं होत नाही. मोठी शिल्पं करायला खाणी लागतात, जहाजं लागतात, पिढ्यानपिढ्या चालणारे कारखाने लागतात आणि घरासाठी आपला पुतळा करून घेणारा श्रीमंत माणूस लागतो. रोमची वस्ती भर काळात दहा लाखांच्या घरात होती ती नंतर काही दहा हजारांवर आली. मग पुतळा कोणासाठी करायचा? उलट शहरात जुन्या संगमरवराच्या चुन्याच्या भट्ट्या चालू झाल्या, अख्खे पुतळे भाजून चुना केला. ब्राँझचे वितळवले. मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा पुतळा वाचला तो लोक त्याला ख्रिश्चन कॉन्स्टंटाइन समजत होते म्हणून. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

बांधकामातही तेच. रोममधल्या पँथिऑन या देवळाचा घुमट ४३.३ मीटरचा, लोखंडाशिवाय काँक्रीटचा, खाली जड दगडाची खडी आणि वर प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड. त्याच्याहून मोठा घुमट फ्लोरेन्सला बांधून झाला तो थेट १४३६ मध्ये. मधल्या काळात कॉन्स्टँटिनोपलचं (आताचं इस्तंबूल) मोठं चर्च आया सोफिया झालं, पण त्याचा घुमट विटांचा आणि साधारण ३१ मीटरचा. तेव्हा विसरणं हाही कथेचा भाग आहेच.

कमानवेडा
कारखाने बंद पडले हे मान्यच. पण मग ४०० च्या आसपासच्या एका हस्तिदंती जोडपाटीचं, म्हणजे दोन कोरीव पाट्यांच्या जोडीचं, काय करशील? एक पाटी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ओकच्या झाडाखाली वेदीपाशी पुजारीण उभी, अंगावरचं वस्त्र अगदी जुन्या ग्रीक वळणाचं आणि एका पायावर भार टाकलेला. जुनी देवपूजा धरून राहिलेल्या रोमन घराण्यांनी करून घेतलेली. म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या कमानीनंतर ८०-९० वर्षांनीही हे करणारे हात होते, मागणारं कोणी असलं की.

निळी_शाई
दोघांनाही धन्यवाद, मस्त चाललंय. पण मग मागणं का बदललं? नुसता ख्रिश्चन धर्म आला म्हणून?

पोथीवाली
नुसता तेवढ्याने नाही, कारण शरीराबद्दलचा हा संशय ख्रिश्चन नसलेल्यांमध्येही होता. प्लोटिनस रोममध्येच शिकवायचा, २७० मध्ये गेला, प्लेटोच्या परंपरेतला. त्याचा शिष्य पॉर्फिरी (दगड नव्हे, माणसाचं नाव) सांगतो की गुरुजी स्वतःचं चित्र काढू द्यायला तयारच नव्हते. देह हीच एक प्रतिमा, तिची पुन्हा प्रतिमा कशाला, असा त्यांचा सवाल. मग शिष्यांनी एका चित्रकाराला वर्गात आणून बसवलं आणि त्याने बघून बघून आठवणीतून चित्र केलं! ज्या काळातला मोठा विचारवंत असं बोलतो त्या काळात हनुवटीच्या सुरकुत्यांची किंमत उतरणारच.

त्यात पुढे चर्चची गरज आली. मार्सेच्या बिशपने लोक पूजा करतात म्हणून चित्रं फोडली, तेव्हा ६०० च्या सुमाराला पोप ग्रेगरीने त्याला पत्र लिहून झापलं. म्हणणं असं की पूजा नको हे बरोबर, पण ज्याला वाचता येत नाही त्याला भिंतीवर बघून कळतं, म्हणून फोडू नकोस. आता चित्राने गोष्ट सांगायची असेल तर हावभाव ठळक लागणार, महत्त्वाचा माणूस मोठा लागणार.

तू म्हणतेस तसलं दार हवं तर फ्रान्समधल्या ओतँचं बघ, ११३० च्या सुमाराचं, अंतिम न्यायाचं दृश्य. आत्म्यांचं वजन चाललंय, एकीकडे देवदूत, दुसरीकडे बरगड्या निघालेला सैतान. खालच्या पट्टीत एका माणसाचं डोकं वरून आलेल्या दोन प्रचंड हातांनी पकडलंय, बाकी काही नाही, फक्त हात. प्रमाणात असते तर एवढी भीती वाटली असती का? १७६६ मध्ये तिथल्याच धर्मगुरूंना ते ओबडधोबड वाटलं आणि त्यांनी सगळ्यावर गिलावा केला, बाहेर येणारं ख्रिस्ताचं डोकं तोडून. त्या गिलाव्यामुळेच ते फ्रेंच क्रांतीतून वाचलं, डोकं १९४८ मध्ये परत बसवलं.

जुनी_वीट
ओतँबद्दल काही वाद नाही, ते हात मीही विसरू शकत नाही. एक भर घालते. १२६० मध्ये निकोला पिसानो या शिल्पकाराने पिसाच्या बाप्तिस्मागृहाचं व्यासपीठ केलं, त्यातली मेरी थेट रोमन राणी वाटते, कारण कॅथेड्रलपाशी रोमन शवपेट्या होत्या आणि त्याने त्या नीट बघितल्या होत्या. त्याच सुमाराला ॲरिस्टॉटल लॅटिनमध्ये पुन्हा वाचला जात होता आणि ॲक्वायनस हा चर्चचा मोठा तत्त्वज्ञ म्हणत होता की माणसाचं ज्ञान इंद्रियांपासून सुरू होतं. निळी_शाई, पुढे वाचायचं तर इथून वाच, फ्रान्समधल्या रीम्सच्या कॅथेड्रलच्या दारावरची मेरी आणि एलिझाबेथची भेट पण बघ, त्यांची वस्त्रं बघून कोणीही रोमन म्हणेल आणि ती आहेत तेराव्या शतकातली.